गळती कोठे आहे?

अंधेरीतील चार बंगला, आंबोली, मरोळ ह्यांपैकी कोणत्याही भागातल्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात सकाळी दूधवाल्याच्या वेळेस एक फेरी मारावी, म्हणजे तेथे उभ्या असलेल्या कित्येक जुन्या मोटारींच्या पोटाखाली पुठ्ठे अंथरलेले दृष्टीस पडतात. पुठ्ठ्याच्या मध्यभागी काळा, तेलकट, दररोज थोडा थोडा वाढत जाणारा डाग असतो. फरशी खराब होत असल्याची सूचना संस्थेच्या व्यवस्थापक मंडळाने फलकावर लावलेली असते आणि मालकाने त्या सूचनेचा मान राखून पुठ्ठा घातलेला असतो. मंडळाचे समाधान होते, मालकाचेही होते. ज्या वस्तूच्या अंगातून तेल चालले आहे ती वस्तू मात्र ह्या सलोख्यात कोणाच्या हिशेबीच नसते.

ह्या पुठ्ठापंथाखेरीज आमच्या सुशिक्षित वर्गात आणखी दोन पंथ प्रचलित आहेत. एक भरपंथ. ह्याचे अनुयायी गाडीच्या डिकीत तेलाचा डबा, पाण्याची बाटली आणि ब्रेक ऑइलची शिशी नित्य बाळगतात, व जे कमी झाले ते भरले की काम झाले असे मानतात. दुसरा मोडपंथ. ह्या पंथाच्या गृहस्थास जमिनीवर पहिला थेंब दिसताच तो जुन्या गाडीच्या बदल्यात नवी देणाऱ्या विक्रेत्याकडे भाव विचारावयास निघतो आणि भेटेल त्याला सांगतो की, गाडीचे आयुष्य संपले. ह्या तिन्ही पंथांत वरून कितीही मतभेद दिसोत, एका गोष्टीत त्यांचे पूर्ण ऐक्य आहे : गळती नेमकी कोठे आहे, हा प्रश्न तिघांपैकी एकही विचारीत नाही. आमचा प्रस्तुत लेख ह्या ऐक्याविरुद्ध आहे.

‘जुनी गाडी, ती गळायचीच,’ असे वाक्य आपल्याकडे मोठ्या वडीलकीच्या सुरात उच्चारले जाते. त्यात शास्त्र काडीइतकेही नाही. ओतीव लोखंड वयाने गळत नाही. गळतो तो सांधा. दोन धातूंच्या पृष्ठांमध्ये कोठे बुचाच्या लाकडाचे पॅकिंग असते, कोठे कागदाचे, कोठे तांब्याचा पातळ वायसर, आणि फिरत्या दांड्याभोवती रबराचे सील असते. बूच वाळते व आक्रसते; रबर उष्णतेने कडक होते आणि त्याची धार झिजते; तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की पुन्हा तसाच घट्ट बसेलच असे नाही. यंत्र रचणाऱ्याने हे सर्व जाणूनच केलेले असते. हे भाग झिजावेत आणि बदलले जावेत म्हणूनच त्यांची योजना आहे. लोखंड झिजू नये म्हणून त्यांनी झिजायचे. ते पार झिजेपर्यंत थांबून मग यंत्रास दोष देणे म्हणजे चप्पलचा अंगठा तुटला म्हणून पायास दोष देण्यासारखे आहे.

ह्याचे सर्वांत मोठे प्रमाण मुंबईच्या रस्त्यांवर जवळजवळ साठ वर्षे डोळ्यांसमोर धावत होते. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून इटालियन फियाटच्या घडणीची ११०० डिलाइट ही गाडी तयार होऊ लागली. पुढे करार संपल्यावर तिचे नाव पालटले व ती ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून घरोघरी ओळखली गेली. १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे साधे इंजिन. ह्या शतकाच्या आरंभी तिची निर्मिती थांबली. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपातील शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी आमच्या वर्तमानपत्रांनी हळहळीचे रकानेच्या रकाने भरले. हळहळ योग्यच होती. परंतु ज्या गाडीस घरगुती मालकाने दहाव्या वर्षी ‘म्हातारी’ ठरविले असते, तीच गाडी दोन दोन पाळ्यांत, दिवसरात्र, खड्ड्यांतून आणि पुरातून वीस वर्षे कशी चालली, हा विचार त्या रकान्यांत क्वचितच आढळला. ती चालली ह्याचे कारण ती अमर होती हे नव्हे. टॅक्सीवाल्याला गाडी उभी ठेवणे परवडत नसे, म्हणून कोणता सांधा ओला झाला आहे हे त्याला आणि त्याच्या मिस्त्रीला ठाऊक असावे लागे. गरजेने त्याला जे शिकविले ते आम्हाला बी. ए., एम. ए. होऊनही शिकावेसे वाटले नाही.

आता निदानाकडे वळू. कारण ह्या वादाचा खरा निर्णय तेथेच व्हावयाचा आहे.

गाडीतून खाली येणारा प्रत्येक द्रव आपले नाव स्वतःच सांगत असतो. पुठ्ठा त्याचा शब्द गिळून टाकतो, कारण तपकिरी पुठ्ठ्यावर सर्वच डाग काळे दिसतात. त्याऐवजी एक रात्र पांढरा कागद पसरावा, त्याच्यावर पुढची बाजू कोणती आणि चाके कोठे होती ह्याच्या खुणा कराव्यात, आणि सकाळी पाहावे. इंजिनाचे तेल तपकिरी किंवा काळे, बोटांमध्ये निसरडे. गिअरचे तेल त्याहून दाट, आणि गंधकासारखा त्याचा उग्र वास एकदा घेतला की विसरत नाही. रेडिएटरमधील कूलंट हिरवट वा तांबूस, हाताला किंचित चिकट, वासाला गोडसर. आवारातील मांजरे ते चाटतात, आणि त्यातले ग्लायकोल विषारी असते. पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाड्यांचे तेल पुष्कळदा तांबडे असते. ब्रेक ऑइल ताजे असता जवळजवळ रंगहीन, जुने झाले की मधासारखे. गाडीच्या रंगावर सांडले तर तो रंग उचलते. आणि मे महिन्यात वातानुकूलन लावून फिरून आल्यावर जे निर्मळ पाणी ठिबकते ते हवेतले बाष्प निवून आलेले असते. तो गाडीचा घाम होय, रोग नव्हे. ह्या घामावरही उपचार करून घेणारे गृहस्थ अंधेरीत आहेत आणि तो करणारी दुकानेही आहेत.

द्रव ओळखला म्हणजे अर्धेच काम झाले. कागदावरचा थेंब तेल कोठे पडले एवढेच सांगतो. ते कोठून निघाले हे सांगत नाही. तेल उतारावरून खाली येते आणि धावत्या गाडीखालचा वारा त्यास मागे ढकलतो. म्हणून उगम नेहमी थेंबाच्या वर आणि बहुधा पुढे असतो. वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल ह्यांचा लेप चढलेल्या इंजिनावर तो उगम शोधू पाहणे हे चिखलात पाऊलखुणा शोधण्यासारखेच. प्रथम रॉकेल आणि ब्रश घेऊन ते इंजिन गार असताना धुवावे, कोरडे पुसावे, शंका असलेल्या भागावर अंगाला लावायची साधी टॅल्कम पावडर भुरभुरावी, जोगेश्वरीपर्यंत जाऊन यावे आणि मग विजेरी घेऊन पाहावे. पांढऱ्या भुकटीवर सर्वांत उंच जी ओली रेघ दिसेल तिच्या माथ्याशी गळती आहे. ह्या सर्व विधीस कोणतेही परदेशी यंत्र लागत नाही. किंबहुना हल्लीच्या नव्या कार्यशाळांत गाडीला जोडून पाहतात ती विद्युत्-तपासणीची पेटीही येथे निरुपयोगी आहे. कोणत्या सांध्यातून थेंब सुटला हे सांगणारा सांकेतिक अंक त्या पेटीत नाही.

हा विधी टाळल्याने काय होते ते पाहा. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे एकत्र येतात त्या ठिकाणी, खालच्या बाजूस, तेल ठिबकताना दिसते. घाईत असलेला मिस्त्री एकवार वाकून पाहतो आणि निकाल देतो : ‘मागचे ऑइल सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ सीलाची किंमत थोडी. परंतु त्याच्यापर्यंत पोहोचण्याची मजुरी भारी. पुष्कळ वेळा तेच तेल इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेले असते आणि इंजिनाच्या पाठीवरून घरंगळत नेमके त्याच जागी येऊन ठिबकत असते. तेथले बुचाचे पॅकिंग अर्ध्या तासात बदलता येते. मालकाने गिअरबॉक्स उतरविण्याचे पैसे मोजले, नवे सील बसले, गाडी घरी आली, आणि तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर डाग पुन्हा हजर! येथून मालक मोडपंथाची दीक्षा घेतो. ‘सर्व करून पाहिले,’ असे तो म्हणतो. सर्व केले हे खरे. पाहिले मात्र काहीच नाही.

ह्याच्याही खालचा एक थर आहे. इंजिनाच्या पोटात ज्वलनाचा थोडा वायू पिस्टनच्या कड्यांवरून निसटून येतच असतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदरची नळी असते. ती काजळीने तुंबली की आत दाब साचतो आणि सर्व सांध्यांतून तेल बाहेर रेटले जाते. अशा गाडीची पॅकिंगे एकामागून एक बदलीत राहिले तर एक सांधा बंद होतो तोच दुसरा वाहू लागतो. सगळी गाडीच फुटली असे मालकास वाटते, आणि दोष असतो एका तुंबलेल्या नळीचा. कव्हराचे बोल्ट अधिक जोराने आवळणे हा तर आपल्याकडील सर्वमान्य उपाय! पातळ पत्र्याचे ते कव्हर बोल्टांपाशी दबते, मधे कमान होते, आणि गळती वाढते. मग त्या कमानीत सिलिकॉन थापला जातो. त्यातला जादा भाग आतल्या बाजूस पिळून निघतो, सुटून चेंबरमध्ये पडतो आणि तेलाच्या पंपाच्या जाळीस जाऊन बसतो. बाहेरचा थेंब थांबविण्यासाठी आतला पुरवठा अडविण्याची ही युक्ती पाहून हसावे की रडावे ते कळत नाही.

भरपंथीयांचे लाडके औषध हळद. रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर हळद टाकावी, हा उपदेश आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पेट्रोलच्या टाकीस चीर पडली तर तिच्यावर अंगाचा साबण घासावा, हा त्याचा जुळा भाऊ. खंडाळ्याच्या घाटात रात्री अडकलेल्या प्रवाशाने हळद टाकली तर आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. हळदीची भुकटी बारीक भोकात फुगून बसते आणि गाडी गावापर्यंत येते, हे खरे आहे. परंतु घरी आल्यावर ती हळद बाहेर काढून रेडिएटर दुरुस्त करणारे किती? बहुतेकांच्या गाडीत ती तशीच राहते, आणि जी भुकटी भोक बुजविते तीच अरुंद नळ्याही बुजविते. पुढच्या उन्हाळ्यात इंजिन तापते, सिलिंडरच्या माथ्याचे पॅकिंग जळते, पाणी तेलात मिसळून चहासारखा फेसाळ राडा डिपस्टिकवर येतो, आणि मग जो खर्च होतो त्याला हळदीच्या भावाने मोजता येत नाही. जुन्या पद्मिनीचा रेडिएटर तांब्यापितळेचा. साधा कारागीर त्यास डाख देऊन पूर्ववत करीत असे. पुढच्या पिढीच्या बहुतेक गाड्यांत अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टोपणे आली, त्यांस तसा डाख बसत नाही. तरीही बदलण्यापूर्वी गळती रेडिएटरचीच आहे, की रबरी नळीच्या टोकाची, की झाकणाची, की पाण्याच्या पंपाच्या, हे दाब देऊन पाहता येते. पंपाच्या पोटाशी एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की तेथून पाणी झिरपते. हे छिद्र म्हणजे यंत्रकाराने मालकास लिहून ठेवलेले पत्र होय. आमच्यात ते बुजविणारे महाभाग आहेत.

अंधेरीकरांस ह्या बाबतीत दूर जावयास नको. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी वेरावली जलाशयाजवळ मेट्रोच्या कामात १८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली आणि काही दिवस ह्या उपनगराच्या घशाला कोरड पडली. त्या वेळी गच्चीवरच्या टाक्यांकडे पाहत ‘भोक शोधून नीट बुजवा’ असे ओरडणारे आम्हीच होतो. महानगरपालिकेने तेथे हळद टाकण्याचा ठराव केला असता तर केवढा मोर्चा निघाला असता!

तेलाच्या व पाण्याच्या गळतीने पैसा जातो; ब्रेक ऑइलच्या गळतीने माणूस जातो. ह्या एका ठिकाणी आमची भाषा सौम्य राहू शकत नाही. ब्रेक ऑइल हे तेल जळणारे नव्हे, संपणारे नव्हे. ते बंद नळ्यांत कोंडलेले असते. अस्तर झिजत जाते तशी त्याची पातळी अगदी हळूहळू उतरते; पण दर आठवड्यास भरावे लागते, ह्याचा अर्थ ते कोठून तरी निश्चित बाहेर जात आहे. चाकाच्या आतल्या अंगास टायर ओले दिसते का, पायाखालच्या चटईवर पेडलच्या मागून ओल आली आहे का, एवढे पाहिले तरी चोर बहुधा सापडतो. फियाट ११०० च्या पिढीच्या गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर आणि एकाच नळीजाळ्यावर चालत. त्यातील कोणतीही एक जागा फुटली की चारही चाके एकदम अनाथ होत. पुढे दोन स्वतंत्र मार्गांची रचना आली ती ह्याच कारणास्तव. अशा गाडीत डिकीतली शिशी काढून ‘थोडे भरले की चालते’ असे म्हणत मुलांना शाळेत सोडावयास निघणारा बाप काटकसरी नाही. घरात विजेचा दिवा उघडा पाहून तो लगबगीने बटण बंद करतो, आणि पश्चिम द्रुतगती मार्गाच्या उतारावर चारदोन थेंबांच्या भरवशावर शेकडो माणसांच्या मध्ये उतरतो.

गळती ही माझ्या गाडीची खाजगी बाब आहे, असे म्हणणाऱ्यांनी जूनमधील पहिल्या सरीची वाट पाहावी. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल पहिल्या पावसाने वर येते, डांबरावर त्याचा पातळ थर पसरतो, आणि दुचाकीवाले एकामागून एक घसरतात. अग्निशामक दलाच्या जवानांस बंब घेऊन वाळू व माती टाकीत फिरावे लागते. ते तेल आकाशातून पडलेले नसते. एकेकाचा थेंब एकेकास क्षुद्र वाटतो. पडलेल्याच्या ढोपरास त्या सर्वांची बेरीज लागते. उरलेले आवाराच्या गटारातून मोगरा नाल्यास मिळते आणि तेथून मालाडच्या खाडीत, तिवरांच्या मुळांशी जाऊन बसते. फरशीची सूचना लावणाऱ्या मंडळांनी फरशीच्या पुढे काय आहे हे एकदा पाहावयास हरकत नाही.

आता मोडपंथीयांचा मुख्य आक्षेप घेऊ. ते म्हणतात, सरकारनेच जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण आणले आहे. तुम्ही कशासाठी त्यांस कवटाळता? २०२१ साली मोडीचे धोरण जाहीर झाले, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाली, हे खरे आहे. परंतु आमच्या महाराष्ट्रात पंधरा वर्षांच्या खाजगी गाडीस तपासणीत योग्य ठरल्यावर पुन्हा नोंदणी मिळते. अंधेरीच्या परिवहन कार्यालयाकडून ‘एमएच ०२’ची पाटी घेतलेली कित्येक वाहने तशी नोंदलेली आहेत. म्हणजे कायदाही विचारतो तो योग्यतेचाच प्रश्न. ज्या गाडीची सांगाड्याची पट्टीच समुद्राच्या खाऱ्या हवेने कुजली आहे, ती ठेवा असे आम्ही म्हणत नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्याजवळ अशा गाड्या पुष्कळ आहेत आणि त्या बेलाशक मोडीत जाव्यात. परंतु चेंबरच्या बोल्टाखालचा वायसर गेला म्हणून सुमारे टनभर धातू वितळवावयास पाठविणे, आणि त्याच्या जागी तितकाच धातू नव्याने घडवून घेणे, ह्याला पर्यावरणाचे नाव देऊ नये. हौस आहे असे सरळ म्हणावे. हौसेविरुद्ध आमची तक्रार नाही.

दुसरा आक्षेप मिस्त्र्यांच्या प्रामाणिकपणाविषयी. ‘ते फसवतात, म्हणून आम्ही खोलात जात नाही.’ फसविणारे आहेत. कोणत्या धंद्यात नाहीत? परंतु आपण त्यांना काय विचारतो ते आठवावे. गाडी दारात उभी करून, खाली न उतरता, आपला पहिला प्रश्न असतो : ‘किती होतील?’ ज्याने अद्याप इंजिनाचे झाकणही उघडलेले नाही त्याच्याकडून आपण आकडा मागतो, आणि तो आकडा देतो. मग त्या आकड्यास साजेसे काम केले जाते. वैद्याने नाडी न पाहता औषधाची किंमत सांगितली तर आपण त्याच्या पायरीवर पुन्हा पाऊल ठेवणार नाही. येथे मात्र नाडी पाहणाऱ्याचीच आपण हेटाळणी करतो. कारागिराने इंजिन धुतले, फिरवून आणले, अर्धा तास विजेरी घेऊन पाहिले आणि मग दहा रुपयांचा वायसर बदलला, तर त्याचे बिल आपण दहा रुपयांवरून घासाघीस करीत खाली आणतो. त्या अर्ध्या तासाचे मोल आपण देत नाही, म्हणून तो पुढच्या वेळी पाहत नाही, बदलतो. बदललेल्या वस्तूचे पैसे मिळतात, पाहण्याचे मिळत नाहीत, हा धडा त्याला आपणच दिलेला आहे. हाताला काळे लागणारे काम ते हलके, ही जी आमच्या वर्गाची जुनी समजूत, तिचीच ही किंमत आपण बिलात भरीत असतो. ओशिवऱ्याच्या गल्लीतील एखाद्या जाणत्या मिस्त्रीला ‘आधी शोधा, शोधण्याचे वेगळे पैसे घ्या, मग बोलू’ असे एकदा म्हणून पाहावे. तो प्रथम संशयाने पाहील, कारण असे वाक्य त्याच्या कानांवर पडलेलेच नसते. मग तो बाह्या सारील.

पेट्रोलच्या गळतीविषयी एकच गोष्ट सांगून थांबतो, कारण तिच्यात भरपंथाचा कळस आहे. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच बळावर चालतो. त्याचा आतला पडदा फाटला की पेट्रोल बाहेर न पडता चेंबरमध्ये उतरू शकते. तेव्हा जमिनीवर थेंबही नसतो, आणि डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसते. भरपंथी गृहस्थ आनंदित होतात : ह्या महिन्यात भरावे लागले नाही! त्यांनी काडी नाकाशी नेली असती तर पेट्रोलचा वास आला असता. पातळ झालेल्या त्या तेलावर बेअरिंगे फार दिवस निघत नाहीत.

आणि एक शेवटचे उत्तर आम्हास आताच ऐकू येत आहे : वेळ कोठे आहे? ब्रेकचा संशय असेल तर गाडी हलवूच नये आणि कारागिरास घरी बोलवावे. तेथे वेळेचा प्रश्नच नाही. इतर सर्व गळत्यांस एक रविवार सकाळ, थोडे रॉकेल, चिंध्या, पावडरीचा डबा आणि एक विजेरी पुरते. गाडीखाली पसरावयास पांढरा कागद घरात नसेल, तर व्यवस्थापक मंडळाने लावलेल्या सूचनेची मागची बाजू कोरी असते.